नदीकाठचे अंधत्व आणि गावाने हाती घेतलेले औषध

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



औषधदानाची महती या सभागृहात कोणास सांगावयास नको. तथापि दिलेले औषध रुग्णाच्या मुखापर्यंत पोहोचते कसे, हा प्रश्न दानाच्या विचारात बहुधा मागे राहतो. दात्याचे नाव फलकावर लागते, औषधांच्या पेट्या येतात. परंतु पेटीपासून रुग्णापर्यंतचा मार्ग कोणी चालावयाचा? या प्रश्नाचे एक फार मोठे उत्तर आफ्रिका खंडातील खेड्यापाड्यांनी गेल्या तीस वर्षांत शोधून दाखविले आहे. ती हकीकत हाच आजचा विषय.

ज्या रोगाच्या संदर्भात हे घडले, त्याचे वैद्यकीय नाव ऑन्कोसर्कायसिस. व्यवहारात त्यास ‘रिव्हर ब्लाइंडनेस’ म्हणतात. मराठीत नदीकाठचे अंधत्व म्हणता येईल. हा रोग भारतात नाही, त्यामुळे आपणांस तो अपरिचित आहे. डास साचलेल्या पाण्यात वाढतात, हे आपण जाणतो. या रोगाचा प्रसार करणारी ‘ब्लॅकफ्लाय’ नावाची बारीक काळी माशी मात्र खळाळत्या, वेगाने वाहणाऱ्या पाण्यात अंडी घालते. ती दिवसा चावते. साहजिकच नदीकाठच्या सुपीक जमिनीत राबणारा शेतकरी, पाणी भरणारी स्त्री, मासे धरणारा कोळी आणि गुरे पाण्यावर नेणारा मुलगा, हेच तिचे भक्ष्य होतात. जी नदी अन्न देते, तिच्याच काठी दृष्टी जाते, असा हा विलक्षण दैवदुर्विलास आहे.

माशीच्या दंशातून एका कृमीच्या अळ्या शरीरात शिरतात. त्यांचे सुतासारखे बारीक आणि हातभर लांब वाढणारे कृमी होऊन ते कातडीखालच्या गाठींमध्ये वेटोळे करून राहतात. मादी कृमी दहा ते पंधरा वर्षे जगते आणि दररोज शेकडो सूक्ष्म अळ्यांना जन्म देते. या अळ्या कातडीत सर्वत्र फिरतात. त्या मरतात तेव्हा शरीराचा दाह होतो आणि असह्य खाज सुटते. रात्रीची झोप उडते, माणूस दगडाने किंवा खापराने अंग खाजवीत बसतो, कातडी जाड व सुरकुतलेली होते, नडगीवर चित्त्याच्या अंगावर असावेत तसे पांढरे ठिपके पडतात. याच अळ्या डोळ्यात पोहोचल्या की बुबुळावरचा पारदर्शक पडदा हळूहळू धुरकट होतो आणि अखेरीस दृष्टी कायमची जाते. एका-दोन दंशांनी हे घडत नाही. वर्षानुवर्षे होणाऱ्या असंख्य दंशांचा हा परिणाम असतो. म्हणून ज्याच्यावर घरादाराचा भार आहे, अशा ऐन कर्त्या वयात अंधत्व येते.

पश्चिम आफ्रिकेतील काही गावांत चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांपैकी निम्मे अंध झालेले होते. अंध वृद्धाच्या काठीचे एक टोक त्याच्या हाती आणि दुसरे टोक लहान मुलाच्या हाती, हे दृश्य तेथे इतके नित्याचे झाले की आज जागतिक आरोग्य संघटनेच्या जिनिव्हा येथील कार्यालयात आणि वॉशिंग्टनच्या जागतिक बँकेत त्याच दृश्याचे शिल्प उभे आहे. काठी धरणाऱ्या त्या मुलाची शाळा सुटलेली असे. पुढे त्याचीही दृष्टी जाणार, हे गावाने जणू गृहीत धरलेले असे. वृद्धत्व आले की केस पांढरे व्हावेत, तसे अंधत्व यावे, अशी समजूत रूढ झाली होती. अखेर लोक सुपीक खोरी सोडून उंचावरच्या निकृष्ट जमिनीकडे गेले आणि नदीकाठची शेते ओस पडली.

या रोगास ‘रिव्हर ब्लाइंडनेस’ हे नाव दिले ते लेडी जीन विल्सन यांनी. त्यांचे पती सर जॉन विल्सन यांची दृष्टी शाळकरी वयात प्रयोगशाळेतील अपघाताने गेली होती. हे दांपत्य १९५० च्या सुमारास आजच्या घानाच्या उत्तर भागातील गावांत राहिले आणि तेथील वास्तव त्यांनी जगापुढे मांडले. सर जॉन यांच्या संस्थेने पुढे भारतातील नेत्रशिबिरांनाही मोठे साहाय्य केले. आपल्याकडील शिबिरांत मोतीबिंदू काढला की गेलेली दृष्टी परत मिळते. नदीकाठच्या अंधत्वात मात्र गेलेली दृष्टी परत येत नाही. येथे केवळ प्रतिबंध हाच उपाय.

पहिला मोठा प्रयत्न माशीच्या विरोधात झाला. जागतिक बँकेचे तत्कालीन अध्यक्ष रॉबर्ट मॅकनमारा यांनी १९७२ मध्ये अपर व्होल्टा, म्हणजे आजचा बुर्किना फासो, या देशात ही परिस्थिती प्रत्यक्ष पाहिली. १९७४ पासून सात देशांत आणि पुढे अकरा देशांत हेलिकॉप्टरमधून नद्यांमध्ये अळीनाशक टाकण्याचे कार्य सुरू झाले. कृमी दहा-पंधरा वर्षे जगतो, म्हणून त्याचे आयुष्य संपेपर्यंत माशी रोखून धरावयाची, असा त्यामागील हिशेब होता. हे कार्य २००२ पर्यंत, तब्बल अठ्ठावीस वर्षे चालले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार त्यामुळे ६ लाख लोकांचे अंधत्व टळले आणि २.५ कोटी हेक्टर ओस जमीन पुन्हा लागवडीयोग्य झाली. यासाठी वर्षाला माणशी एका डॉलरहूनही कमी खर्च आला. व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तरी इतक्या अल्प भांडवलावर इतका परतावा क्वचितच मिळतो.

परंतु आफ्रिकेचा उरलेला भाग मोठा, दाट अरण्यांचा आणि असंख्य ओढ्यांचा. तेथे प्रत्येक प्रवाहावर हेलिकॉप्टर फिरविणे अशक्य होते. तेथे औषधाचीच गरज होती, आणि ते औषध अनपेक्षित दिशेने आले. जपानमधील किटासाटो संस्थेचे संशोधक सातोशी ओमुरा यांनी इटो शहराजवळील कावाना येथील गोल्फ मैदानाच्या परिसरातून मातीचा एक नमुना घेतला होता. त्यातील जिवाणूपासून अमेरिकेतील मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयव्हरमेक्टिन हे औषध सिद्ध केले. प्रथम ते गुरे व घोडे यांच्या कृमींवर विकले गेले आणि कंपनीस त्यातून भरपूर नफा झाला. घोड्यातील अशाच जातीच्या कृमीच्या अळ्यांवर ते चालते, हे पाहून कॅम्पबेल यांनी मनुष्यावरील वापराची सूचना केली. मर्कमधील डॉ. मोहम्मद अझीझ यांनी १९८१ मध्ये सेनेगलमध्ये पहिल्या चाचण्या घेतल्या. एका मात्रेने कातडीतील अळ्या जवळजवळ नाहीशा होतात आणि अनेक महिने पुन्हा वाढत नाहीत, असे आढळले. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आता व्यापारातील एक कठीण प्रश्न उभा राहिला. माल उत्तम, गरज कोट्यवधींची. पण ज्यांस गरज, त्यांच्या हाती पैसा नाही आणि त्यांची सरकारेही निर्धन. किंमत कितीही कमी ठेवली तरी ती या ग्राहकास परवडणारी नव्हती. कंपनीने पैसे देणारा कोणी मिळतो का, याचा शोध घेतला. तो मिळाला नाही. अखेर २१ ऑक्टोबर १९८७ रोजी मर्कचे प्रमुख रॉय व्हॅजेलॉस यांनी जाहीर केले की, या रोगासाठी लागेल तितके औषध, लागेल तितका काळ विनामूल्य दिले जाईल. ‘मेक्टिझॅन’ या नावाने ते दान आजही चालू आहे. एकदा देऊन मोकळे होणे निराळे आणि मुदत न घालता देत राहणे निराळे. कारण हे औषध अळ्या नष्ट करते, प्रौढ कृमीस मारीत नाही. म्हणून ते वर्षातून किमान एकदा, दहा ते पंधरा वर्षे घ्यावे लागते. मध्येच खंड पडला तर कृमी पुन्हा अळ्या सोडतो आणि माशी त्या दुसऱ्याकडे नेते.

मात्र औषध फुकट मिळाले म्हणून काम झाले नाही. आरंभी शासकीय वा सेवाभावी संस्थांची पथके गाडी घेऊन गावोगाव जात. रस्ता संपे तेथे गाडी थांबे. पथक येई त्या दिवशी लोक शेतावर गेलेले असत. जे गावात सापडतील त्यांस गोळ्या देऊन पथक पुढे जाई. गाडी, इंधन आणि भत्ते यांवर खर्च पुष्कळ होई आणि अनेक माणसे वंचित राहत. मोलाचे औषध फुकट उपलब्ध असताना ते पोहोचविण्यापायी अडत होते.

औषध प्रत्येक गावास लागते असेही नाही. म्हणून प्रथम रोगाचे प्रमाण जाणून घ्यावे लागे. त्यासाठी एक सोपी रीत ठरली. नदीकाठचे गाव निवडावे, तेथे दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या तीस ते पन्नास प्रौढ पुरुषांच्या कातडीखालच्या गाठी हाताने चाचपून पाहाव्यात. शंभरात वीसहून अधिकांना गाठी असल्या तर त्या परिसरातील सर्वांस औषध द्यावयाचे. यंत्र नाही, रक्त काढणे नाही. चाचपणारा हात आणि मोजणारी वही एवढ्यावर खंडाचा नकाशा तयार झाला.

वाटपाचा प्रश्नही असाच साधेपणाने सुटला. १९९४ ते १९९६ या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने काही आफ्रिकी देशांत तुलना करून पाहण्यात आली. काही गावांत बाहेरून ठरविलेल्या पद्धतीने औषध वाटले, तर काही गावांस केवळ औषध व माहिती दिली आणि पुढचे सर्व त्यांनीच ठरवावे असे सांगितले. ज्या गावांनी स्वतः ठरविले, तेथे काम अधिक चांगले झाले. अशिक्षित, गरीब खेडुतांना हे जमेल काय, ही शंका तज्ज्ञांची होती, खेडुतांची नव्हती. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ऑन्कोसर्कायसिस नियंत्रणाच्या आफ्रिकी कार्यक्रमाने, म्हणजे ‘अपॉक’ने, लवकरच हीच पद्धती स्वीकारली.

ही पद्धती कशी चालते, ते सविस्तर पाहण्यासारखे आहे. प्रथम गावाची सभा भरते. आरोग्य कर्मचारी रोग, औषध आणि त्याचे संभाव्य त्रास समजावून सांगतो व बाजूला होतो. औषध कोण वाटणार, कोणत्या महिन्यात, घरोघरी जाऊन की एका ठिकाणी, हे गावच ठरविते. बहुधा सुगी आटोपल्यावरचा काळ निवडला जातो, कारण तेव्हा माणसे घरी सापडतात. निवडलेल्या व्यक्तीस थोडके प्रशिक्षण मिळते. ती घरोघर फिरून वहीत प्रत्येक कुटुंबातील माणसांची नोंद करते आणि किती गोळ्या लागतील याचा हिशेब करून जवळच्या आरोग्य केंद्रातून त्या आणते.

मात्रा वजनावर ठरावयास हवी. पण खेड्यात वजनकाटा कोठून आणावयाचा? त्यावर उपाय म्हणून कापडाच्या पेढीवरील गजाप्रमाणे खुणा केलेली एक उंच काठी वापरतात. माणसास काठीशेजारी उभे करावयाचे. ९० सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत न पोहोचणाऱ्या बालकास औषध नाही. पुढे उंचीनुसार एक, दोन, तीन आणि १५९ सेंटिमीटर किंवा अधिक उंचीस चार गोळ्या. गर्भवती, बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातील माता आणि गंभीर आजारी यांस वगळतात. गोळी समोरच गिळावयास लावून वहीत खूण करतात. ज्यास अक्षरओळख बेताची आहे, तोही ही काठी चुकल्यावाचून वापरू शकतो.

लोकांनी हे औषध आपलेसे केले त्यास आणखी एक कारण होते. अंधत्व टळले, हे डोळ्यांना दिसत नाही. जे घडलेच नाही त्याची प्रचिती कशी यावी? परंतु काही दिवसांत खाज थांबते, पोटातील जंत पडतात, झोप लागते. हा गुण घरात लगेच जाणवतो. नायजेरियातील संशोधिका डॉ. उचे अमाझिगो यांनी ग्रामीण स्त्रियांच्या त्वचारोगाचा अभ्यास करून दाखविले की, खाज व विद्रूप कातडी यांमुळे होणारी मानहानीसुद्धा अंधत्वाइतकीच गांभीर्याने घेतली पाहिजे. याच विदुषी पुढे २००५ ते २०११ या काळात ‘अपॉक’च्या संचालिका होत्या.

अर्थात या मार्गात अडचणी नव्हत्या असे नाही. वाटप करणारा स्वयंसेवक विनावेतन असतो. शेजारच्या दुसऱ्या एखाद्या मोहिमेत भत्ता मिळतो आणि येथे मिळत नाही, असे दिसले की त्याचा उत्साह मावळतो. एकाच माणसाकडे शेकडो घरे सोपविली तर तो थकतो. युगांडामध्ये डॉ. मोझेस काटाबार्वा यांनी यावर तोडगा दाखविला. सारे गाव एका माणसावर न टाकता प्रत्येक भावकीने आपल्यातून आपले स्वयंसेवक निवडावेत, त्यांत स्त्रियाही असाव्यात. मग चालण्याचे अंतर कमी होते, आप्तांच्या सेवेचा मोबदला कोणी मागत नाही आणि कोणाची गोळी राहिली हे चटकन लक्षात येते.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. मध्य आफ्रिकेच्या काही भागांत ‘लोआ लोआ’ नावाचा दुसरा कृमी आढळतो. ज्याच्या रक्तात त्याच्या अळ्या फार मोठ्या संख्येने असतात, त्यास आयव्हरमेक्टिन दिल्यास मेंदूस इजा होऊन मृत्यूही ओढवू शकतो. कॅमेरूनमध्ये असे प्रकार घडले आणि लोकांचा विश्वास डळमळला. तेथे सक्ती करून चालणार नव्हते. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून कृमी सरकताना पाहिला आहे काय, असे गावकऱ्यांनाच विचारून धोक्याचे प्रदेश ओळखण्याची पद्धत प्रथम निघाली. पुढे मोबाइल फोनला जोडलेल्या सूक्ष्मदर्शकाने रक्ताचा थेंब तपासून, धोका असलेल्यांना वगळून इतरांस औषध देण्याचा प्रयोग कॅमेरूनमध्ये यशस्वी झाला. औषध देणे हे जसे कर्तव्य, तसेच ज्यास ते अपायकारक त्यास न देणे हेही कर्तव्यच, हा विवेक येथे दिसतो.

या साऱ्याचे फलित काय? ‘अपॉक’चे कार्य २०१५ मध्ये समाप्त झाले. त्या अखेरच्या वर्षी ११.९ कोटींहून अधिक लोकांस औषध दिले गेले, आणि ते वाटणारे बहुतेक सारे गावकरीच होते. औषधाची किंमत सोडली तर दर माणशी वाटपाचा खर्च एका डॉलरहूनही कमी होता. आरंभी रोग आटोक्यात ठेवणे एवढेच ध्येय होते. परंतु सेनेगल व माली येथील नदीकाठच्या गावांत पंधरा-सतरा वर्षे औषध घेतल्यानंतर ते थांबविले तरी रोग परतला नाही, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आणि समूळ उच्चाटनाचे ध्येय ठरले. अमेरिका खंडात कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिको व ग्वाटेमाला हे देश २०१३ ते २०१६ या काळात रोगमुक्त ठरले. जानेवारी २०२५ मध्ये नायजर हा आफ्रिकेतील पहिला रोगमुक्त देश म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केला. तेथे आधी माशीवर फवारणी झाली आणि २००८ ते २०१९ या काळात हत्तीरोगासाठी दिलेल्या औषधांतील आयव्हरमेक्टिननेच उरलेले कार्य तडीस नेले.

तरीही कार्य संपलेले नाही. २०१७ च्या अंदाजानुसार जगात २ कोटी ९ लाख लोक बाधित होते. त्यांपैकी १ कोटी ४६ लाखांना त्वचारोग आणि साडेअकरा लाखांना दृष्टिदोष होता. ९९ टक्क्यांहून अधिक बाधित आफ्रिकेत व येमेनमध्ये आहेत. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे अनेक ठिकाणी वाटप थांबले. यादवी युद्धांनीही वेळोवेळी खंड पाडला आहे. रोग समूळ जावयाचा तर औषध घेण्यास पात्र असलेल्यांपैकी किमान ८० टक्के लोकांनी दरवर्षी ते घ्यावे लागते. एखादे कुटुंब वर्षानुवर्षे नकार देत राहिले तर त्या घरातील अळ्या माशीच्या मार्गाने शेजारी पोहोचतात. येथे स्वतःचे औषध हे शेजाऱ्याचेही रक्षण असते.

ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची आहे असे वाटेल; तथापि तसे नाही. विदर्भातील काही जिल्ह्यांत हत्तीरोग आहे. तोही सुतासारख्या कृमीमुळेच होतो. वाहक मात्र डास. त्यासाठी वर्षातून एकदा सर्वांस गोळ्या दिल्या जातात, आणि २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात त्या गोळ्यांत याच आयव्हरमेक्टिनची भर पडली. तेथेही अडचण तीच: “आम्ही ठणठणीत आहोत, मग गोळी कशास?” असे म्हणून लोक ती खिशात ठेवतात. औषध आहे, पैसा आहे, कर्मचारीही आहेत. उणीव असते ती गावाने काम आपले मानण्याची.

सज्जनहो, नदीकाठच्या अंधत्वाच्या या इतिहासात दाते मोठे आहेत, शास्त्रज्ञ थोर आहेत, आणि त्यांचे ऋण कोणी नाकारणार नाही. परंतु ज्या हातांनी वही लिहिली, काठी धरली आणि शेजाऱ्याच्या तळहातावर गोळी ठेवली, ते हात त्या गावांचेच होते. दात्याने घेणाऱ्यास केवळ याचक न मानता कार्याचा भागीदार मानले, म्हणून दान सार्थकी लागले. आणि घेणाऱ्याने पंधरा वर्षे न कंटाळता आपला वाटा उचलला, म्हणून ते फळास आले. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या कोणत्याही संस्थेस पुढील कार्याची आखणी करताना हा धडा उपयोगी पडेल. शिबिर कोठे घ्यावे, कधी घ्यावे, कोणास बोलवावे, हे ज्यांच्यासाठी ते आहे त्यांनाच आधी विचारावे. त्यांच्यातील माणसांच्या हाती वही द्यावी. आणि एकदा हाती घेतलेले काम, ते पूर्ण होईपर्यंत सोडू नये.

आज त्या नदीकाठांवर अशी एक पिढी वाढत आहे की जिला वृद्धाची काठी धरून चालावे लागले नाही. ती मुले शाळेत गेली. या कार्याचा खरा ताळेबंद तोच होय.

जय जिनेंद्र.